उघडी पाकिटं

कपाट फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं. ठकी अडीच वर्षांची झाली होती आणि आईबाबांच्या मध्ये आडवी झोपून दोघांनाही पलंगाच्या काठावर टांगत होती. तिला स्वतःचा छोटा पलंग हवा, हे घरात सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे तिच्या आईच्या मते. बाकीच्यांनी मान हलवली. पलंगाला जागा हवी, जागा फक्त मागच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत बाबांचं कपाट.

बाबा म्हणजे ठकीचे आजोबा, सूनबाईचे सासरे. एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. जगात कुठेही कुणी मोठं माणूस गेलं, की त्याला तीनशे शब्दांत निरोप द्यायचा. बुद्धिबळपटू, नटी, गोलरक्षक, शास्त्रज्ञ, राणी, विदूषक, सगळे बाबांच्या हातून गेले. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यांचं चार कप्प्यांचं लोखंडी कपाट भंगारात काढलं. बाबांनी घड्याळ तिथेच विसरून कपाट घरी आणलं. सासूबाई तेव्हा होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "एवढी माणसं घरात आणलीत, आता चहा कोण करणार?"

सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून बाबांचं बोलणं आटत आटत दिवसाला चार वाक्यांवर आलं होतं. सकाळी "पेपर आला का?", दुपारी "भूक नाही", संध्याकाळी "दिवा लावू का?", आणि चौथं ठकीसाठी राखीव. ते मात्र रोज वेगळं असायचं. सूनबाई घरबसल्या औषधांच्या पत्रकांचं भाषांतर करायची, ठकी दुपारी झोपायची त्या दीड तासात. क्वचित मळमळ, क्वचित चक्कर, फार क्वचित पुरळ, असं सगळं तिला तोंडपाठ होतं. पण चार वाक्यांवर आलेल्या माणसाला काय द्यायचं, हे एकाही पत्रकात नव्हतं. आज ना उद्या तीन वाक्यं होतील, मग दोन.

तर कपाट. आवाज ऐकून पहिल्यांदा वर आले ते इमारतीचे सेक्रेटरी. "वहिनी, ओढू नका. ढकला." मग समोरच्या दारातून दातांचे डॉक्टर आले. "ढकलायचं तर अजिबात नाही. आधी हलवून हलवून सैल करायचं, मग एकदम उपटायचं." सूनबाईचा नवरा पुलांचे नकाशे तपासणारा अभियंता, त्याने दोघांकडे दयाळू नजरेने पाहिलं, कागदावर एक बाण काढला आणि म्हणाला, "वजन कुठे पडतंय ते बघा." वजन कुठे पडतंय ते पुढच्याच मिनिटाला सगळ्यांना कळलं, कारण ते फरशीवर पडलं. फरशी तडकली, नवऱ्याची पाठ तीन दिवस धरली आणि कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या कड्या अशा वाकल्या, की बोट लावलं तरी कप्पे आपले बाहेर. ठकीला हा सगळा प्रकार फार आवडला. कपाट शेवटी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली जाऊन उभं राहिलं.

त्या धक्क्याने एक पाकीट खाली पडलं होतं. दुपारी ठकी झोपल्यावर सूनबाईने ते उचललं, कडेने कापलं आणि तडकलेल्या फरशीवर बसून वाचायला घेतलं. कुठल्याशा थंड देशातला बुद्धिबळपटू. जगज्जेतेपदाच्या डावात हरला आणि बाहेर बर्फ पडत होता म्हणून जिंकणाऱ्याला स्वतःचा कोट देऊन चालत घरी गेला. पुढे कधी जिंकला नाही. शेवटचं वाक्य असं: 'त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक न परतलेला कोट आहे.'

सूनबाईने डोळे पुसले आणि दुसरं पाकीट काढलं. मग तिसरं. मळमळ आणि पुरळ त्या दिवशी तसंच राहिलं.

संध्याकाळी "दिवा लावू का?" झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, यातली काही पाकिटं चिकटवलेली आहेत, काहींचं तोंड नुसतं आत खोचलंय. असं का?"

बाबांनी दिवा लावला. मग म्हणाले, "चिकटवलेलं म्हणजे माणूस गेला. छापून झालं की चिकटवायचं."

"आणि उघडं?"

"उघडं म्हणजे अजून आहे."

"म्हणजे जिवंत माणसांचे मृत्युलेख लिहून ठेवलेत?"

"सगळीच वर्तमानपत्रं ठेवतात. माणूस त्याच्या वेळेने जातो, पान मात्र रात्री आठला छापायला जातं." त्यांनी बाहेर आलेला कप्पा आत ढकलला. "उघड्यांना हात लावू नकोस. अपशकुन वगैरे काही नाही. पण नको."

सूनबाईने मनातल्या मनात मोजलं. सात वाक्यं! वर एक 'अपशकुन वगैरे'. तिने लोखंड तापलेलं पाहून तिथेच सांगून टाकलं, की हे सगळं कपाटात कुजवण्यापेक्षा खाली जिन्याजवळच्या फलकावर दर शनिवारी एक लेख लावू या. येता-जाता लोक वाचतील.

"मेलेल्या माणसांना जिन्यात उभं करायचं?"

"फलकावर, बाबा. जिन्यात नाही."

"तू आधी टंकून दाखव. स्वल्पविराम तुझे असतील तर मी परवानगी देणार नाही."

बाबांच्या परवानगीपेक्षा कमिटीची परवानगी अवघड निघाली. सेक्रेटरी स्वतः अर्ज घेऊन घरी आले. अर्जात 'फलकाचा विषय' यापुढे पाणी, वाहने, हरवले-सापडले आणि इतर असे चार चौकोन होते. सेक्रेटरींनी 'हरवले-सापडले' वर बोट ठेवून बराच विचार केला आणि नाइलाजाने 'इतर' वर खूण केली. पण पुढचाच रकाना होता: 'संबंधित व्यक्तीचे ना-हरकत पत्र'.

"संबंधित व्यक्ती गेलेली आहे, भाऊजी."

"ते झालंच वहिनी, पण रकाना मोकळा कसा सोडायचा? उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

"तेच तर सांगता येत नाही ना."

एवढ्यात ठकीने आत काहीतरी पाडलं म्हणून सूनबाई धावली. जाताना म्हणाली, "चहा ओट्यावर आहे, साखर तेवढी मी घालून देते, थांबा." सेक्रेटरी थांबणारे नव्हते. त्यांनी ओट्यावरची 'साखर' असं लिहिलेली बरणी उघडून दोन चमचे घातले. ती सासूबाईंची बरणी. वीस वर्षांपूर्वी त्यांनी त्यात काही कारणाने मीठ भरलं आणि चिठ्ठी बदलायची राहिली ती राहिलीच. घरातलं कुणी कधी चुकत नसे. सेक्रेटरींनी पहिला घोट घेतला, पाहुण्याच्या सभ्यतेने दुसराही घेतला, आणि बहुधा तो दुसरा घोट लवकर संपावा म्हणूनच तोडगा काढला. कमिटीने ठराव केला: 'सदर व्यक्तींनी दिलेल्या मुदतीत कोणतीही हरकत नोंदवलेली नाही, सबब परवानगी देण्यात येत आहे.'

पहिल्या शनिवारी, टाकी धुण्याची सूचना आणि हरवलेली डाव्या पायाची चप्पल यांच्या मधोमध, बुद्धिबळपटू लागला.

सोमवारपर्यंत कोट सगळ्या इमारतीत पोचला होता. दातांचे डॉक्टर म्हणाले, लेख छान आहे, पण दातदुखीने कुणी गेलं असेल तर ते लावू नका, माझे पेशंट याच जिन्याने येतात. सेक्रेटरींनी सुचवलं, की थोर माणसं घ्यायचीच तर ज्यांनी सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवल्या अशी घ्या, म्हणजे एका कागदात दोन कामं होतील. दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई मात्र वर आल्या आणि बाबांसमोर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "तो कोट कुणी परत का नाही केला हो?"

आणि बाबा बोलले! कोटाची पूर्ण हकीगत, जी तीनशे शब्दांत बसली नव्हती. पाऊण तास. सूनबाई आतल्या खोलीत ठकीच्या तोंडावर हात ठेवून बसली होती, मधे व्यत्यय नको म्हणून.

दुसऱ्या शनिवारी गोलरक्षक लागला, जो निवृत्तीनंतर पाव भाजायचा. तिसऱ्या आठवड्यात बाबा स्वतः खाली जाऊन फलकापाशी उभे राहू लागले, कुणी वाचताना अडलं तर मदतीला. प्रत्यक्षात अडो न अडो, ते मदत करत. चौथ्या आठवड्याला एक नटी होती. तिच्या लेखात वयाची जागा कोरी होती. सूनबाईने विचारलं तर म्हणाले, "आयुष्यभर लपवलं तिने. आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं?" रोजची वाक्यं मोजणं तिने आता सोडून दिलं होतं. नवरा म्हणाला, "बाबा हल्ली फार बोलतात, नाही?" तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने विषय पुलांवर नेला.

आता गोंदाबद्दल.

घरात लाकडी ठोकळ्यांपासून बाहुल्यांपर्यंत सगळं असताना ठकीला खेळायला आवडायची ती गोंदाची कांडी. बूड फिरवलं की पांढरं डोकं वर येतं, उलटं फिरवलं की आत जातं. यात दिवस निघून जातो. दोन कांड्या हरवल्या तेव्हा सूनबाईला वाटलं, खिडकीतून गेल्या असतील. तिसरी हरवली तेव्हा तिला काही वाटलंच नाही, कारण तिच्याकडे पाच पत्रकं तुंबली होती. ठकी हल्ली कपाटामागे शांत बसून खेळते, एवढं तिला दिसत होतं, आणि अडीच वर्षांचं मूल शांत आहे म्हणजे काहीतरी भयंकर चाललं आहे, हे ज्ञान असूनही तिने ते वापरलं नाही. कुठलीही आई वापरत नाही. शांतता इतकी महाग असते, की ती कुठून आली हे कुणी विचारत बसत नाही.

पाचव्या शनिवारी सकाळी नवरा बाबांना डोळे तपासायला घेऊन गेला. लेख काढायचा राहिला होता. ठकी कमरेवर, एका हातात दुधाचा पेला, अशा अवस्थेत सूनबाईने तिसऱ्या कप्प्यातून एक पाकीट ओढलं. चिकटवलेलं आहे ना, हे तिने नीट पाहिलं. अगदी घट्ट चिकटवलेलं होतं. आत एका गायिकेवरचा लेख निघाला, परदेशातली, पण जिची गाणी भाषा न कळताही साऱ्या जगाने गुणगुणलेली. वयाची जागा कोरी होती, तारखेचीही. नटीसारखंच असेल, असं समजून तिने 'वृद्धापकाळाने' हा शब्द घातला आणि तो आपल्याला चपखल सुचला याचा तिला थोडा अभिमानही वाटला. फोनवर एकदा पाहून घ्यावं असं मनात आलं होतं. पण फोन ठकीकडे होता आणि तो काढून घ्यायचा म्हणजे अर्धा तास रडारड. जिन्यात एक कागद लावायचा, त्यासाठी एवढं?

साडेनऊला कागद लागला. पावणेदहाला दुसऱ्या मजल्यावरून गाण्याच्या बाईंचा हुंदका ऐकू आला.

बाई पंधरा वर्षांच्या असल्यापासून त्या आवाजावर वाढल्या होत्या. त्यांनी शिकवणी बंद ठेवली. पण वीस मुली आलेल्याच होत्या, तेव्हा त्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून तिचीच गाणी म्हणू लागल्या. आया न्यायला आल्या त्या थांबल्या. कुणी फुलं आणली, कुणी मेणबत्ती. सेक्रेटरींनी मेणबत्ती अग्निसुरक्षेच्या नियमात बसत नाही म्हणून विझवली आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून स्वतःच पेटवली. "फोनवर तर काहीच आलेलं नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आपल्या इमारतीत आधी येतं," सेक्रेटरींनी सुनावलं. "एकतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला चुकून मारलेलं नाही." दोन मिनिटांच्या मौनासाठी लिफ्ट बंद करण्यात आली. आत नळवाला होता. त्याने मौनात भाग घेतला नाही.

बाईंचा एक जुना विद्यार्थी रेडिओवर निवेदक होता. बाईंनी त्याला कळवलं, की आज तिची गाणी लाव रे बाबा. तो शहाणा मुलगा. त्याने गाणी लावण्याआधी चौकशी केली. मौन संपून सेक्रेटरी 'या दुःखद प्रसंगी' म्हणत होते, तेव्हा बाईंचा फोन वाजला. बाईंनी ऐकलं. फोन कानावरून खाली घेतला.

"तो म्हणतो, ती जेवतेय."

"कोण जेवतंय?"

"ती. एक्याण्णव वर्षांची आहे. आत्ता तिच्या घरी विचारलं, तर म्हणाले, जेवायला बसलीय, नंतर फोन करा."

नेमके तेव्हाच बाबा आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. मुलाचा हात धरून ते एकेक पायरी चढत होते. गाणं कानावर आलं तसा त्यांचा चेहरा उजळला. "वा," ते म्हणाले, "आज चांगलं काहीतरी ऐकताय." मग त्यांना फुलांचा वास आला. "कोण गेलं?"

सेक्रेटरींनी नाव सांगितलं.

बाबा होते त्याच पायरीवर बसले, मुलींच्या मधे. "अरेरे," असं हळूच म्हणाले, आणि मग कपाळाला आठ्या पडल्या. "पण तिचं पाकीट तर उघडं होतं."

सूनबाईला त्या क्षणी नळवाल्याबरोबर लिफ्टमध्ये असते तर बरं, असं वाटलं. "नाही हो बाबा, घट्ट चिकटवलेलं होतं. मी पाहिलं." तिच्या कमरेवर ठकी होती. ठकीने सगळीकडे पाहिलं, आजोबा खाली बसलेले पाहून तिला आनंद झाला, आणि आपल्या खिशातून तिने गोंदाची कांडी काढून त्यांना दाखवली. "मी लावलं," ती म्हणाली. "सग्गळ्यांना."

वर जाऊन पाहिलं तर खरोखर सग्गळ्यांना. खालच्या दोन्ही कप्प्यांत एक पाकीट उघडं नव्हतं. बाबांची मांडणी नावांच्या वर्णानुक्रमाने होती आणि वर्णानुक्रमात आहेत-नाहीत असा भेद नसतो. बाहेरून फरक काय तो पाकिटाच्या तोंडाशी. बाबांनी बोटांनी चाचपत पाच-सहा पाकिटं पाहिली.

"आता कोण आहे आणि कोण नाही, मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. ठकीला रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुनेला म्हणाले, "खालचा कागद काढ. रद्दीवाल्याला बोलाव. कपाटासकट ने म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी "पेपर आला का?" झालं. दुपारी "भूक नाही". संध्याकाळी "दिवा लावू का?" सूनबाई ओट्यापाशी उभी राहून रडली. ठकीला वाटलं आई खेळते आहे, म्हणून तीही रडली.

रद्दीवाल्याला तिने बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती बाबांसमोर वही घेऊन बसली. "बाबा, वर्तमानपत्रात चूक झाली तर काय करतात?"

"खुलासा."

"मग सांगा. मी लिहिते."

बाबा म्हणाले, "चूक ज्या जागी झाली त्याच जागी, त्याच अक्षरात. कोपऱ्यात बारीक टाकायचा नाही. लिही. 'गेल्या शनिवारी या फलकावर ज्यांच्या निधनाचे वृत्त दिले होते त्या गायिका हयात आहेत.' पूर्णविराम. 'याचा आम्हाला आनंद आहे.' पूर्णविराम. दिलगिरी त्यानंतर. आधी आनंद."

तो कागद लावायला सूनबाई एकटी गेली, मान खाली घालून. इमारत आता आपल्याला सोलणार, अशी तिची तयारी होती. गाण्याच्या बाई फलकाशीच भेटल्या. त्यांनी खुलासा वाचला. म्हणाल्या, "मी तिला पत्र टाकलं."

"माफीचं?"

"छे ग. त्या सकाळी रडताना मला कळलं ना, की तिला काय काय सांगायचं राहिलंय. एरवी असं कळून उपयोग काय असतो? मला एकटीला झाला." आणि मग, "ती पाकिटं सोडवायची असतील तर माझ्याकडे किटली आहे. लांब तोंडाची."

त्या संध्याकाळी किटली घेऊन बाई आल्या. वाफेवर पाकीट धरलं की गोंद सुटतो, पण कागद फाटतो, हे कळल्यावर समोरचे डॉक्टर आपली हत्यारं घेऊन आले आणि दात कोरायच्या आकड्याने त्यांनी पाकिटांची तोंडं इतकी हलक्या हाताने उघडली, की बाई म्हणाल्या, "माझ्या दाढेच्या वेळी हे कुठे गेलं होतं हो?" सेक्रेटरींनी याद्या करायला घेतल्या. पाकीट उघडलं की आत तारीख शाईने भरलेली आहे का बघायचं. भरलेली असली तर "गेले" म्हणायचं आणि पुन्हा चिकटवायचं. जागा कोरी असली तर "आहेत!" असं ओरडायचं आणि तोंड आत खोचायचं. मात्र बाबांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा प्रत्येक "आहेत" फोनवर तपासून घ्यावं लागे, आणि त्यात काही जण मधल्या काळात गेलेले निघत. मग किटली बाजूला ठेवून तो लेख मोठ्याने वाचायचा. बाबा आतल्या खोलीत होते. तिसऱ्या संध्याकाळी एक विदूषक "आहे" निघाला तेव्हा डॉक्टरांनी टाळी वाजवली, आणि आतून आवाज आला, "त्याचं दुसरं पान मागे अडकलं असेल, बघा." थोड्या वेळाने ते खुर्ची घेऊन बाहेरच आले.

चौथ्या कप्प्याच्या अगदी मागे फितीने बांधलेला एक गठ्ठा होता. सेक्रेटरींनी फीत सोडली, पहिलं पाकीट वाफेवर धरलं, वाचलं आणि किटलीपेक्षा मोठा आवाज काढला.

"हा मी आहे!"

बाबा जरा अवघडले. "सवय हो. वेळ जात नसे. इमारतीतल्यांचं थोडं थोडं लिहून ठेवलं."

"चाळीस शब्द? सोळा वर्षं मी टाकी धुऊन घेतोय, आणि चाळीस शब्द?" त्यांनी पुन्हा वाचलं. "टाकीचा तर उल्लेखही नाही!"

"शेवटचं वाक्य वाचा."

सेक्रेटरींनी वाचलं: 'त्यांच्या मागे एक बहीण आणि रोज दोनदा तपासलेलं फाटकाचं कुलूप आहे.' कागदाची नीट घडी घालत ते म्हणाले, "ना-हरकत देतो. पण टाकी घाला."

मग काय, गठ्ठ्यावर झडपच पडली. डॉक्टरांना आपल्या लेखातला 'हलका हात' हा शब्द दोनदा हवा होता. बाईंनी आपला वाचला आणि कुणालाच दाखवला नाही. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याचंही पाकीट निघालं. सूनबाई किटलीत पाणी भरायच्या निमित्ताने तीनदा गठ्ठ्याशी जाऊन आली. तीनदा तिने सगळी नावं पाहिली. मग चौथ्यांदा.

सगळे गेल्यावर ती कपबशा उचलत होती. गोष्ट क्षुल्लक होती, बोलायची नाही असं तिने ठरवलंही होतं. "बाबा," ती म्हणाली, "कुत्र्याचंसुद्धा आहे."

"हं."

"माझं नाही."

"नाही."

"म्हणजे माझ्याबद्दल चाळीस शब्दही—"

"अगं," बाबा म्हणाले, "जो आपल्या आधी जाईल त्याचंच लिहून ठेवायचं असतं. तुझं मी का लिहीन? वेडी आहेस का?"

सूनबाईने कपबशा खाली ठेवल्या. तिला गठ्ठ्यात आणखी कोण नव्हतं, ते आत्ता लक्षात आलं. "म्हणून आईंचंही नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "मी आधी जायचं असं आमचं ठरलं होतं. ती गेली त्या दिवशी कचेरीतून फोन आला, लेख पाठवताय ना? माझ्याकडे काही तयारच नव्हतं. त्यांनी चार ओळी छापल्या. दोन माझ्याबद्दल, आणि वय चुकीचं." मग म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांना ते शेवटचं वाक्य आवडतं ना? ते तिचं. मी कचेरीतून फोनवर लेख वाचून दाखवायचो, आणि ती विचारायची, ते सगळं ठीक आहे हो, पण घरी काय राहिलं त्याचं? बुद्धिबळवाल्याच्या वेळी मला चौकशीसाठी परत तार करावी लागली. त्याशिवाय पुढे जाऊच द्यायची नाही."

शुक्रवारी दुपारी ठकी झोपली तेव्हा सूनबाईने औषधांची पत्रकं बाजूला सारली आणि वही उघडली. बाबांनी सांगितलं, तिने लिहिलं. मधे दोनदा स्वल्पविरामावरून वाद झाला. दोनशे नव्वद शब्द झाले आणि बाबा थांबले. पहिल्यांदा तिला वाटलं, आठवत असतील. मग तिच्या लक्षात आलं, की ते वाट बघताहेत.

"ते सगळं ठीक आहे हो बाबा," ती हळूच म्हणाली, "पण घरी काय राहिलं त्याचं?"

बाबांनी नुसता स्वयंपाकघराकडे हात केला. सूनबाईने तिकडे पाहिलं आणि स्वतःच लिहिलं: 'त्यांच्या मागे पती, मुलगा, सून, नात आणि साखर असं लिहिलेली मिठाची एक बरणी आहे. घरातलं कुणी अजून चुकत नाही.'

बाबांनी वही जवळ ओढून वाचलं. एक स्वल्पविराम वाढवला.

शनिवारी तो कागद टाकीच्या सूचनेशेजारी लागला. सेक्रेटरींनी अर्ज मागितला नाही; वाचून झाल्यावर त्यांनी फक्त घसा खाकरला आणि "तरीच," असं म्हणाले. मूळ कागद बाबांनी पाकिटात घातला. छापून झालं की चिकटवायचं, हा नियम. ठकीला नियम माहीत होता, ती कांडीचं झाकण काढून तयारच होती. पण बाबांनी तिचा हात मधेच धरला. "हे नाही," ते म्हणाले, आणि पाकिटाचं तोंड आत खोचून ते कपाटात ठेवून दिलं.

कांडी मात्र तोवर त्यांच्या तळव्यावर फिरली होती. त्या दिवशी बाबांनी हात लावला ते सगळं त्यांना चिकटत राहिलं. पेपरचं पान, चष्म्याची दोरी, जेवताना पुसायचा कागद, आणि सकाळभर, जिने उतरता-चढताना, ठकीची बोटं.